राष्ट्रांच्या न्यायाचा अभ्यासक : ह्यूगो ग्रोशियस

गोमंतकाच्या इतिहासात इ. स. १५८३ हे वर्ष कुंकळ्ळीच्या उठावाचे वर्ष म्हणून नोंदले गेले आहे. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात कुंकळ्ळीकरांनी धर्मप्रसारासाठी आलेल्या पाद्र्यांवर शस्त्र उचलले, आणि पुढे त्यांच्या गावकरांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी त्यांची कत्तल केली. त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात यान हुइगेन फान लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण आर्चबिशपच्या पदरी कारकून म्हणून गोव्याच्या धक्क्यावर उतरला. आणि त्याच वर्षी, एप्रिलच्या १० तारखेस, हॉलंडमधील डेल्फ्ट नगरात एका सुखवस्तू व सुविद्य कुटुंबात एक बालक जन्मास आले. ह्या बालकाचे नाव हुइग द ग्रोट. लॅटिन भाषेतील ह्यूगो ग्रोशियस ह्या नावाने तो पुढे जगास परिचित झाला.

ह्या तीन घटनांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. परंतु समुद्र कोणाचा, शत्रूला दिलेला शब्द पाळावयाचा की नाही, आणि एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राशी कोणत्या नियमांनी वागावे, हे प्रश्न ज्या पुरुषाने जन्मभर अभ्यासिले, त्याच्या चरित्रात ही तिन्ही सूत्रे एकत्र गुंफली गेली आहेत. आज ज्यास आपण आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतो त्या शास्त्राच्या जनकांमध्ये ग्रोशियसची गणना होते. विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा अभ्यास त्याने एखाद्या विद्यापीठाच्या शांत दालनात, प्राध्यापकाच्या आसनावर बसून केला नाही. तो वकील होता, सरकारी अधिकारी होता, राजबंदी होता, निर्वासित होता आणि शेवटी परक्या राज्याचा वकील म्हणून परक्या दरबारी राहणारा राजदूत होता. पोटाचा व्यवसाय चालू असताना, आणि तो बंद पडला तेव्हा तुरुंगाच्या कोठडीतही, त्याचा अभ्यास चालूच राहिला.

ग्रोशियसचे वडील डेल्फ्टचे नगराध्यक्ष होते. लायडनच्या विद्यापीठाच्या कारभाराशीही त्यांचा निकटचा संबंध होता. मुलाची बुद्धी लहानपणापासूनच असामान्य होती. आठव्या-नवव्या वर्षी तो लॅटिनमध्ये पद्यरचना करू लागला आणि अकराव्या वर्षी लायडनच्या विद्यापीठात दाखल झाला. इ. स. १५९८ मध्ये हॉलंडचे थोर मुत्सद्दी योहान फान ओल्डेनबार्नेव्हेल्ट हे फ्रान्सच्या दरबारी शिष्टमंडळ घेऊन गेले. त्यांच्यासोबत पंधरा वर्षांचा ग्रोशियसही होता. त्याचे पांडित्य पाहून राजा चौथा हेन्री ह्याने हॉलंडचे नवल म्हणून त्याची वाखाणणी केली, असे सांगतात. त्याच प्रवासात ऑर्लेआँ येथे त्याने कायद्याची सर्वोच्च पदवी संपादन केली, आणि पुढील वर्षी, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी, द हेग येथील न्यायालयात वकिलीचा व्यवसाय आरंभिला.

बुद्धिमान मुलांच्या अशा कथा आपण पुष्कळ ऐकतो, आणि त्या ऐकून आपल्यासारख्या सामान्यांस थोडे निरुत्साही वाटण्याचाही संभव असतो. परंतु ग्रोशियसचे मोठेपण बालपणीच्या ह्या चमत्कारांत नाही. वकिलीत पडलेला तरुण बहुधा कुळांचे खटले, दस्तऐवज आणि फी ह्यांतच बुडून जातो. ग्रोशियसही त्या कामात होता. परंतु न्यायालयातील काम आटोपले की तो प्राचीन इतिहासकार, कवी, धर्मशास्त्रकार आणि रोमन कायदा ह्यांच्या वाचनाकडे वळे. इ. स. १६०१ मध्ये हॉलंडच्या शासनाने देशाचा इतिहास लिहिण्याचे कामही त्याच्याकडे सोपविले. हा साठवलेला व्यासंग पुढे एका विलक्षण खटल्यात उपयोगी पडावयाचा होता.

तो खटला समजण्यासाठी त्या काळातील समुद्राची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. इ. स. १४९४ च्या तोर्देसिल्यासच्या तहाने स्पेन व पोर्तुगाल ह्या दोन राज्यांनी युरोपाबाहेरील नव्याने सापडणारे जग आपसांत वाटून घेतले होते. वास्को द गामा कालिकतला पोहोचल्यावर, आणि विशेषतः इ. स. १५१० मध्ये आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा जिंकल्यावर, हिंदी महासागरातील व्यापारावर आपलाच हक्क आहे असे पोर्तुगीज सांगू लागले. त्यांनी कार्ताझ नावाची परवान्याची पद्धत सुरू केली. जे जहाज हा परवाना घेणार नाही, नेमून दिलेल्या बंदरात जकात भरणार नाही, ते पकडावे व त्यावरील माल जप्त करावा, असा त्यांचा दंडक होता. ज्या समुद्रावरून अरब, गुजराती, मलबारी आणि मलायी व्यापारी शतकानुशतके कोणाची परवानगी न घेता ये-जा करीत होते, त्याच समुद्रावर आता परवान्याशिवाय शीड उभारणे धोक्याचे झाले. हाजची यात्रा करणाऱ्या मोगलांच्या जहाजांनाही हा परवाना घ्यावा लागे.

इकडे हॉलंडचे लोक स्पेनच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध लढत होते, आणि इ. स. १५८० पासून स्पेन व पोर्तुगालचा राजा एकच झाला होता. तेव्हा पूर्वेकडील माल थेट पूर्वेत जाऊनच आणावा, असा विचार डच व्यापाऱ्यांच्या मनात बळावला. पण वाट दाखवावयाची कोणी? ती दाखविली गोव्यातील त्या डच कारकुनाने. लिन्सखोटेन सुमारे पाच वर्षे गोव्यात राहिला. आर्चबिशपच्या दप्तराचे काम करता करता त्याने पोर्तुगीज नावाड्यांची मार्गदर्शक टिपणे, वाऱ्यांचे ऋतू, बंदरे, भाव आणि गोव्याचे लोकजीवन ह्यांची बारकाईने माहिती जमविली. हॉलंडला परतल्यावर त्याने ती छापून प्रसिद्ध केली. इ. स. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा प्रवासग्रंथ इतिहासाच्या अभ्यासकांस आजही उपयोगी पडतो. लवकरच डच गलबते पूर्वेकडे मोठ्या संख्येने जाऊ लागली, आणि इ. स. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली.

इ. स. १६०३ च्या फेब्रुवारी महिन्यात याकोब फान हेम्सकेर्क ह्या डच कप्तानाने सिंगापूरजवळच्या समुद्रात सान्ता कातारीना नावाचे एक प्रचंड पोर्तुगीज जहाज पकडले. ते मकावहून मलाक्केकडे जात होते. चिनी रेशीम आणि चिनी मातीची भांडी अशा मालाने ते खचाखच भरलेले होते. ॲम्स्टरडॅमच्या लिलावात त्या मालाचे तीस लक्ष गिल्डरांहून अधिक पैसे आले. पोर्तुगीजांनी ह्यास उघड चाचेगिरी म्हटले. स्वतः कंपनीच्या काही भागधारकांनाही असा लुटीचा पैसा घेणे पापाचे वाटले, कारण ते व्यापार करण्यास निघाले होते, लढण्यास नव्हे. तेव्हा आपल्या कृत्याचे समर्थन करणारा ग्रंथ लिहून घ्यावा असे कंपनीने ठरविले, आणि ते काम एकवीस वर्षांच्या ग्रोशियसकडे आले.

एखाद्या सामान्य वकिलाने काही कलमे आणि काही दाखले जुळवून हे काम दोन आठवड्यांत उरकले असते. ग्रोशियसने त्यावर सुमारे दोन वर्षे खर्च केली. कंपनीने दिलेले कागद, खलाशांच्या शपथेवरील जबान्या, पूर्वेकडील राजांशी झालेला व्यवहार हे सर्व त्याने तपासले. स्पेनमधील फ्रान्सिस्को द व्हितोरिया ह्या धर्मपंडिताचे विचार, म्हणजे प्रतिपक्षाच्याच देशातील विद्वानाचे विचार, त्याने आधारास घेतले. आणि मग त्याने मूळ प्रश्नालाच हात घातला : हे जहाज पकडणे योग्य की अयोग्य हे ठरविण्यापूर्वी, समुद्र कोणाच्या मालकीचा असू शकतो काय, हे ठरविले पाहिजे.

त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा. जी वस्तू ताब्यात घेता येते, कुंपण घालून राखता येते आणि वापरल्याने संपते, तीच खाजगी मालकीची होऊ शकते. हवा अशी नाही, आणि महासागरही असा नाही. एका गलबताने पाणी कापले म्हणून दुसऱ्यासाठी ते कमी होत नाही. म्हणून समुद्र सर्वांचा आहे आणि त्यावरून व्यापारासाठी जाणे हा सर्व राष्ट्रांचा हक्क आहे. आम्ही प्रथम वाट शोधली, हा पोर्तुगीजांचा दावाही त्याने खोडून काढला, कारण पूर्वेकडील लोकांना तो समुद्र आधीपासूनच माहीत होता. ह्यापुढे जाऊन त्याने असेही प्रतिपादिले की, जावा, सिंहलद्वीप व मलुक्कू बेटे ह्या प्रदेशांना त्यांचे स्वतःचे राजे, स्वतःची राज्यव्यवस्था आणि स्वतःचे कायदे आहेत. तेथील लोक ख्रिस्ती नाहीत, एवढ्या कारणाने त्यांची मालमत्ता वा त्यांचे राज्य हिरावून घेण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही, आणि पोपनेही तो कोणास दिला असल्यास ते दान व्यर्थ होय. गोव्यात धर्मन्यायपीठाची सत्ता चालू असतानाच्या काळात युरोपातील एक ख्रिस्ती तरुण हे लिहीत होता, ही गोष्ट सामान्य नव्हे.

हा मोठा ग्रंथ त्या वेळी छापला गेलाच नाही. त्यातील केवळ एक प्रकरण इ. स. १६०९ मध्ये ‘मुक्त सागर’ अशा अर्थाच्या लॅटिन नावाने, लेखकाचे नाव न घालता प्रसिद्ध झाले. बाकीचे हस्तलिखित अडीच शतके कागदपत्रांत पडून राहिले. इ. स. १८६४ मध्ये ते एका लिलावात उजेडात आले आणि इ. स. १८६८ मध्ये छापले गेले. तेव्हा कोठे जगाला कळले की, ती छोटी पुस्तिका म्हणजे एका वकिलाच्या कामाचा तुकडा होता.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. ग्रोशियस कंपनीचा पक्ष मांडीत होता. ज्या तत्त्वाने पोर्तुगीजांची मक्तेदारी मोडावयाची, ते तत्त्व त्याच्या पक्षकारास सोयीचे होते. मग ते तत्त्व पक्षकाराच्या गैरसोयीचे झाले तर? हा प्रसंग फार लवकर आला. इ. स. १६१३ मध्ये डच व इंग्लिश कंपन्यांचा वाद मिटविण्यासाठी ग्रोशियस शिष्टमंडळासह लंडनला गेला. मसाल्याच्या बेटांत डचांनी इंग्रजांना व्यापारास मज्जाव केला होता. तेव्हा इंग्रजांनी त्याच्यापुढे त्याच ‘मुक्त सागर’ पुस्तिकेतील मुद्दे ठेवले. बेटांच्या राजांनी आम्हास माल देण्याचे करार केले आहेत व ते करार पाळले गेले पाहिजेत, असे उत्तर ग्रोशियसने दिले. कायद्याच्या दृष्टीने ते उत्तर अगदीच पोकळ नव्हते. परंतु चार वर्षांपूर्वी सर्वांसाठी उघडलेले दार आता थोडे लोटले गेले, हे नाकारता येत नाही.

कंपनी तर त्याच्याही पुष्कळ पुढे गेली. इ. स. १६२१ मध्ये जायफळाच्या मक्तेदारीसाठी तिने बांदा बेटांवर स्वारी केली आणि तेथील लोकांचा जवळजवळ उच्छेद केला. इ. स. १६३६ ते १६४४ ह्या काळात डच आरमार वर्षानुवर्षे मांडवीच्या मुखाशी येऊन गोव्याची नाकेबंदी करीत राहिले. समुद्र सर्वांचा, असे ज्यांच्यासाठी लिहिले गेले तेच लोक आता समुद्राची वाट अडवीत होते. ग्रोशियसच्या चरित्रातील हा डाग पुसण्याची आवश्यकता नाही. विद्या मालकाच्या चाकरीस लागली म्हणजे तिला कोठवर वाकावे लागते, ह्याचा हा धडा आहे. त्याचबरोबर, एकदा लिहिला गेलेला न्यायाचा सिद्धांत मालकाच्या हाती राहत नाही, प्रतिपक्षही तो उचलू शकतो, हाही धडा त्यातच आहे.

ह्यापूर्वीच ग्रोशियस हॉलंडचा सरकारी वकील झाला होता. इ. स. १६०८ मध्ये मारिया फान रायगर्सबेर्ख ह्या धीराच्या व करारी स्त्रीशी त्याचा विवाह झाला. इ. स. १६१३ मध्ये रॉटरडॅम नगरमंडळाचा मुख्य कायदा-सल्लागार म्हणून त्याची नेमणूक झाली. परंतु त्याच सुमारास हॉलंडमध्ये धर्ममताचा मोठा कलह पेटला. मोक्षाच्या कामी मनुष्याच्या इच्छेस काही वाव आहे की सारे ईश्वराने आधीच ठरवून टाकले आहे, ह्या प्रश्नावरून दोन तट पडले. ओल्डेनबार्नेव्हेल्ट व ग्रोशियस हे मतस्वातंत्र्य आणि सहिष्णुता ह्यांच्या बाजूचे होते. सेनापती राजपुत्र मॉरिस दुसऱ्या पक्षास मिळाला. इ. स. १६१८ च्या ऑगस्ट महिन्यात ह्या दोघांना अटक झाली. पुढील वर्षीच्या मे महिन्याच्या १३ तारखेस एकाहत्तर वर्षांच्या त्या वृद्ध मुत्सद्द्याचा द हेग येथे शिरच्छेद करण्यात आला, आणि पाचच दिवसांनी ग्रोशियसला जन्मठेपेची शिक्षा ठोठावण्यात आली. त्याची मालमत्ताही जप्त झाली.

वाल व मास ह्या नद्यांच्या संगमाजवळ लूवेस्टाइन नावाचा एक भुईकोट किल्ला आहे. तेथे त्याला ठेवण्यात आले. वय वर्षे छत्तीस, जन्माची कैद, गुरुतुल्य वडीलधारा वधस्तंभावर गेलेला, कीर्ती धुळीस मिळालेली. अशा स्थितीत सामान्य माणूस खचून गेला असता. ग्रोशियसने त्या कोठडीस अभ्यासिका केली. पत्नी व मुलांना त्याच्याजवळ राहण्याची परवानगी होती, आणि मित्रांकडून ग्रंथ मागविण्याचीही मुभा होती. एका मोठ्या लाकडी पेटीतून ग्रंथ येत आणि वाचून झाले की परत जात. ह्या बंदिवासात त्याने हॉलंडच्या कायद्याची ओळख करून देणारा ग्रंथ लिहिला. इ. स. १६३१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ पुढे दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयांतही प्रमाण मानला गेला. दूरदेशी जाणाऱ्या खलाशांसाठी त्याने ख्रिस्ती धर्माचे विवेचन करणारे एक पद्यमय पुस्तकही मातृभाषेत रचिले. लॅटिनमध्ये लिहून युरोपभर वाखाणला जाणारा हा पंडित, कायद्याचे शास्त्र आपल्या लोकांच्या भाषेत मांडण्यास तुरुंगात बसून प्रवृत्त झाला, हे आपण मातृभाषेच्या अभिमान्यांनी विसरू नये.

पेटीच्या फेऱ्या नेहमीच्या झाल्या तसे पहारेकरी ती उघडून पाहण्याचा कंटाळा करू लागले. ही गोष्ट मारियाच्या तीक्ष्ण नजरेतून सुटली नाही. तिने बेत रचिला. इ. स. १६२१ च्या मार्च महिन्याच्या २२ तारखेस, माणूस अंग चोरून जेमतेम मावेल अशा त्या पेटीत ग्रंथांच्या जागी ग्रोशियस शिरला. त्याचे कपडे खुर्चीवर ठेवून, पती आजारी असल्याचा बहाणा करून मारिया मागे राहिली. पेटी फार जड लागते म्हणून शिपाई कुरकुरले, आत एखादा पाखंडी तर बसला नाही ना, अशी थट्टाही त्यांनी केली, परंतु पेटी उघडली नाही. एल्स्ये फान हाउवेनिंग नावाची त्यांची तरुण दासी पेटीबरोबर होडीतून निघाली. नदीच्या पलीकडे खोर्कम गावातील मित्राच्या घरी पेटी सुखरूप पोहोचेपर्यंत तिने चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. तेथून ग्रोशियस गवंड्याचा वेष घेऊन सरहद्दीपलीकडे गेला आणि पुढे पॅरिसला पोहोचला. मारियालाही काही दिवसांनी सोडून देण्यात आले. ती अस्सल पेटी आमचीच, असे सांगणारी स्थळे नेदरलंड्समध्ये आज एकाहून अधिक आहेत. अस्सल पेटी कोणतीही असो, पत्नीच्या बुद्धीवाचून व दासीच्या धैर्यावाचून ग्रोशियसचा महान ग्रंथ जगास लाभला नसता, हे निश्चित.

पॅरिसमध्ये फ्रान्सच्या राजाने त्याला वर्षासन बांधून दिले, पण ते वेळेवर मिळत नसे. अशा ओढगस्तीत इ. स. १६२५ मध्ये ‘युद्ध व शांती ह्यांचा कायदा’ हा त्याचा तीन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या वेळी युरोपात तीस वर्षांचे युद्ध चालू होते. क्षुल्लक कारणाने राजे शस्त्र उचलीत, आणि एकदा शस्त्र उचलले म्हणजे मनुष्याने जणू सर्व गुन्ह्यांची मोकळीक मिळविली असे सैनिक वागत. हे पाहूनच आपण लेखणी हाती घेतली, असे त्याने प्रस्तावनेत नमूद केले आहे. युद्ध सुरू झाले की कायदा मुका होतो, हे त्याला मान्य नव्हते. युद्ध कोणत्या कारणांनी न्याय्य ठरते, ते कोणत्या मर्यादेत करावे, आणि ते संपविताना दिलेली वचने कशी पाळावीत, ह्यांचा त्याने क्रमवार विचार केला. ह्या न्यायाचा उगम त्याने मनुष्याच्या समाजप्रिय व विवेकी स्वभावात शोधला. ईश्वर नाही असे क्षणभर गृहीत धरले, जे गृहीत धरणे त्याच्या मते महापातक होते, तरीही हे नियम काही अंशी खरेच राहतील, असे तो म्हणतो. भिन्न धर्मांच्या राष्ट्रांना एका न्यायाखाली आणण्यास ही भूमिका फार उपकारक ठरली. धर्माने परके असलेल्यांशी केलेले तहही पाळले पाहिजेत, हे त्याने स्पष्टपणे प्रतिपादिले.

त्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात शत्रूला दिलेल्या शब्दाविषयी विस्तृत विवेचन आहे. शत्रू झाला तरी तो माणूस आहे, आणि बोलणी करण्यासाठी किंवा अभय देऊन ज्याला बोलाविले त्याचा घात करणे हे न्यायाच्या विरुद्ध आहे, असा त्याचा निर्णय आहे. असोळण्याच्या किल्ल्यातील त्या प्रसंगाची वार्ता ग्रोशियसच्या कानी गेली असेल असे मानण्यास आधार नाही. परंतु त्याच्या जन्मवर्षी आपल्या भूमीवर जो विश्वासघात घडला, त्यास अन्याय म्हणावयाचे शास्त्र त्याने जगाला दिले.

ग्रंथात उणिवाही आहेत. युद्धात पकडलेल्यांना गुलाम करणे, जिंकलेल्यांची मालमत्ता घेणे ह्या गोष्टी तत्कालीन राष्ट्रांच्या रूढीप्रमाणे कायदेशीर आहेत असे तो प्रथम सांगतो. पुढील प्रकरणांत मात्र तो एकेक मुद्दा पुन्हा हाती घेतो आणि रूढीने जे क्षम्य आहे ते सदसद्विवेकबुद्धीने योग्य ठरत नाही असे बजावून स्त्रिया, मुले, वृद्ध, शेतकरी व व्यापारी ह्यांना वाचविण्याचा आग्रह धरतो. कायदा आणि न्याय ह्यांतील अंतर त्याला दिसत होते. ते एका ग्रंथाने भरून निघणारे नव्हते.

इ. स. १६३१ मध्ये मायभूमीच्या ओढीने तो हॉलंडला परतला, परंतु राज्यकर्त्यांनी त्याला पुन्हा परागंदा केले. शेवटी स्वीडनचा मंत्री ऑक्सेनस्टिएर्ना ह्याने त्याला आश्रय दिला, आणि इ. स. १६३५ पासून दहा वर्षे तो पॅरिसमध्ये स्वीडनचा राजदूत होता. दरबारी डावपेचांत तो फारसा निष्णात नव्हता. फ्रान्सचा मंत्री कार्डिनल रिशल्यू ह्याच्याशी त्याचे जमले नाही. तरी त्या धकाधकीतही धर्मग्रंथांवरील त्याचे भाष्यलेखन चालूच राहिले. इ. स. १६४५ मध्ये त्याला परत बोलावण्यात आले. स्टॉकहोमहून निघाल्यावर त्याचे जहाज वादळात सापडून पोमेरेनियाच्या किनाऱ्यास लागले. तेथून थंडी-पावसात उघड्या गाडीने प्रवास करीत तो रोस्टॉक येथे पोहोचला आणि ऑगस्टच्या २८ तारखेस तेथेच मरण पावला. समुद्राचा हा वकील समुद्रानेच अखेरच्या प्रवासास लावला. ज्या देशाने त्याला जिवंतपणी थारा दिला नाही, त्याच देशातील डेल्फ्टच्या मंदिरात त्याची समाधी आहे.

त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, इ. स. १६४८ मध्ये, वेस्टफालियाच्या तहांनी तीस वर्षांचे युद्ध संपले. इ. स. १८९९ मध्ये द हेग येथे शांतता-परिषद भरली, तेव्हा अमेरिकेच्या प्रतिनिधींनी डेल्फ्टला जाऊन त्याच्या समाधीवर रुप्याचे पुष्पचक्र वाहिले. ज्या नगरीत तो सोळाव्या वर्षी वकील झाला, त्याच नगरीत आज आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे. इ. स. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र त्या त्या राष्ट्राच्या सत्तेचा मानला, २०० मैलांपर्यंतच्या मासळी व खनिजांवर त्याला हक्क दिला, आणि त्यापलीकडचा महासागर सर्वांसाठी खुला ठेवला. मासळी संपत नाही असे ग्रोशियसच्या काळी वाटे. ती संपू शकते हे आता आपणांस कळले आहे, म्हणून त्याच्या सिद्धांतास ही मुरड घालावी लागली. शास्त्र असेच वाढते.

ह्या न्यायालयात आपल्याशी संबंधित असा एक खटला चालला होता. दादरा व नगर-हवेली येथे जाण्याच्या वाटेसंबंधी पोर्तुगालने इ. स. १९५५ मध्ये भारताविरुद्ध तेथे दाद मागितली. त्यासाठी इ. स. १७७९ मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहाचा अर्थ न्यायाधीशांस लावावा लागला. मराठ्यांनी पोर्तुगीजांना त्या गावांचे स्वामित्व दिले नव्हते, केवळ महसुलाचा सरंजाम दिला होता, असे न्यायालयाने ठरविले. सरंजाम हा आपल्या दप्तरातील शब्द अशा रीतीने द हेगच्या निकालपत्रात जाऊन बसला. इ. स. १९६० च्या ह्या निकालाने पुढील काळातील व्यवहारावरून पोर्तुगालचे स्वामित्व आणि सामान्य नागरिक व माल ह्यांच्या ये-जा करण्याचा हक्क मान्य केला, पण सैन्य व शस्त्रे नेण्याचा हक्क अमान्य केला, आणि भारताने कोणत्याही बंधनाचा भंग केला नसल्याचा निर्वाळा दिला. एक जुना तह नीट वाचता येणे हे राष्ट्राच्या किती उपयोगाचे असते, हे त्यावरून दिसून येते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांना शाळा सोडताच कामधंद्यास लागावे लागेल. कोणी कचेरीत, कोणी बंदरावर, कोणी जहाजावर जाईल. तेथे गेल्यावर शिक्षण संपले असे मानू नका. तुमच्या हाताखालून जाणारा प्रत्येक कागद, प्रत्येक पावती, जहाजावरील मालाची प्रत्येक यादी कोठून आली आणि कोणत्या नियमाने आली, हे विचारण्याची सवय ठेवा. गोव्याच्या दप्तरखान्यातील एका कारकुनाने तसे विचारले आणि समुद्राच्या वाटा खुल्या झाल्या. द हेगच्या एका तरुण वकिलाने तसे विचारले आणि राष्ट्रांच्या कायद्याचे शास्त्र उभे राहिले. मात्र त्या दोघांच्या विद्येवर पुढे कंपनीने काय उभारले, तेही विसरू नका. ज्या पगारावर आपले घर चालते त्याच्याशी प्रामाणिक राहावे. पण न्याय काय आहे हे मनाशी ठरविताना पगार देणाऱ्याचा सोयीचा अर्थ कोणता, आणि बांदाच्या बेटावरील जायफळ वेचणाऱ्या माणसाला तो कसा वाटेल, ह्या दोन्ही बाजू तपासून पाहाव्यात. ग्रोशियसला ते सदैव साधले नाही. तुम्ही साधून पाहा.